लसूण, बडीशेप आणि जिताडा

गणपती गेले की आमच्या इमारतीत दोन-तीन दिवस कुणाचंच कशात लक्ष नसतं. मखरांचे पुठ्ठे जिन्याखाली येऊन पडतात, निर्माल्याचा आंबूस वास लिफ्टमध्ये रेंगाळतो आणि पाऊस येऊ की नको असा दिवसभर घुटमळत राहतो. डोंबिवलीतला भाद्रपद म्हणजे ना धड ओला, ना धड कोरडा. छत्री घेऊन निघावं तर ऊन तापतं आणि कपडे गच्चीवर टाकावेत तर सर येते. इतरांना या दिवसांचा वैताग येतो. मी गोंधळून जाते. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या घरी माशांसाठी वास निवडायचं काम चाललं होतं आणि त्या कामात मी एक शब्द बोलून बसले. बोलले ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माशांसाठी वास म्हटलं की माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी हसतात. माशालाच इतका वास असतो, त्याला आणखी कसला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मीही पहिल्यांदा हेच म्हणाले होते. पण माझा नवरा सतीश गळ टाकून मासे धरणाऱ्यांपैकी आहे. तो ठाण्याच्या कोपरीत वाढला. शाळा सुटली की दप्तर कुणाच्या तरी ओट्यावर टाकून खाडीवर जायचा आणि घरी येऊन मार खायचा. आता पंचावन्नाव्या वर्षी मारणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून दर रविवारी जातो. आमची ओळख ठाण्यातल्या कॉलेजातली, त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला अरेतुरेच करत राहिले. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही.

हल्लीचे हौशी लोक गळाला खरं आमिष लावत नाहीत, मऊ प्लास्टिकचा बोटभर मासा लावतात. दोरी ओढली की त्याची शेपटी पाण्यात थरथरते आणि जिताड्यासारखा मोठा मासा फसतो. दुकानात असे मासे पाकिटाने मिळतात, पण सतीशला ते पसंत पडत नाहीत. रंग आपल्या खाडीच्या गढूळ पाण्याचा नाही, शेपटी जरा जास्तच वळवळते, अशा त्याच्या तक्रारी असतात. म्हणून तो ते घरी करतो. गॅलरीत विजेची शेगडी, तिच्यावर मी कधीच मोडीत काढलेलं एक पातेलं, आणि त्यात दुधासारखं पांढरं पातळ प्लास्टिक. ढवळत राहायचं. आधी ते खिरीसारखं दाटतं, मग त्याचा गोळा होतो, आणि आता सगळं बिघडलं असं वाटत असतानाच पाकासारखं पातळ, आरपार दिसणारं होतं. मग रंग, मग चमकी, आणि अगदी शेवटी, साच्यात ओतायच्या आधी, वासाचे थेंब.

वास शेवटीच घालायचा, नाहीतर आचेवर उडून जातो. तो तेलातला हवा, पाण्याचा अंश असला की कढत प्लास्टिक अंगावर उडतं. आणि मुळात वास लागतो कशाला, तर कोऱ्या प्लास्टिकला खेळण्यांच्या दुकानासारखा वास येतो. मासा चावतो, त्याला फसवणूक कळते आणि तो लगेच थुंकतो. वास ओळखीचा असला तर क्षणभर तोंडात धरून ठेवतो. तेवढ्या क्षणात काठीला झटका द्यायचा असतो. त्या एका क्षणासाठी आमच्या फ्रिजच्या दारात, सॉस आणि व्हिनेगरच्या शेजारी, चौदा बाटल्या जमल्या होत्या. बडीशेप, लसूण, हिंग, मेथी, व्हॅनिला, कोळंबीची डोकी वाळवून तेलात मुरवलेला एक तपकिरी अर्क, जवळ्याची पूड घातलेलं दुसरं एक काहीतरी. एक ना धड, भाराभर चिंध्या.

बडीशेपेचं तेल आणायला आम्ही कल्याणला गेलो होतो. अत्तरं, अर्क, खाण्याचे रंग असलं सगळं विकणारं जुनं अरुंद दुकान होतं.

"खानेका है, या लगानेका?" दुकानदाराने विचारलं.

"मछली के लिए," सतीश म्हणाला.

"तळायला?" आता त्याने मराठीत विचारलं.

"नाही हो. पकडायला."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. हा माणूस बरा आहे ना, असं त्याला विचारायचं होतं. मी मान हलवली, तेव्हा त्याने बाटली काढून टोपण उघडलं आणि सवयीने सतीशच्या नाकाखाली धरली. सतीशने ती हळूच माझ्याकडे सरकवली.

कारण सतीशला वास येत नव्हता. साथीच्या दिवसांत त्याला ताप आला, आठ दिवसांत उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. माझी आमटी आता बिनतक्रार खाईल, असं मी सगळ्यांना सांगायचे. मग महिने गेले. तो जेवताना पापलेटाचा तुकडा तोंडात घालून थांबायचा, कुणीतरी येणार होतं आणि आलं नाही असा. डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या होत्या, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगा, म्हणाले, कुणाचं परत येतं, कुणाचं नाही. चार महिने त्याने नेमाने हुंगलं. नंतर त्या बाटल्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेल्या आणि आम्ही दोघांनीही त्यांचं नाव काढलं नाही.

त्यामुळे माशांचे वास निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझं माहेर पक्कं शाकाहारी. कोळंबीचा अर्क चांगला झालाय की कुजलाय, हे मी सांगायचं! गाढवाला गुळाची चव काय? मला दोन्ही सारखेच भयंकर वाटायचे. "जरा गोडसर येतोय की आंबट?" सतीश विचारायचा. गोडसर म्हणावं तर गोडसर होता, आंबट म्हणावं तर आंबटही होता. वासाला आपल्याकडे शब्दच किती थोडे आहेत, हे मला तेव्हा कळलं. चांगला, घाण, उग्र, मंद, आणि मग सरळ त्या वस्तूचंच नाव घ्यावं लागतं. लसणाचा वास कसा, तर लसणासारखा. ज्याला तो आठवत नाही, त्याला काय सांगणार?

पण त्या बाटल्यांनी एक गोष्ट केली. गुलाब आणि निलगिरीने जे झालं नव्हतं ते झालं, सतीशला पुन्हा हुंगावंसं वाटू लागलं. डॉक्टरांची बाटली हुंगताना तो रोगी असायचा, लसणाची हुंगताना मासे पकडणारा. चौदातल्या चार त्याने निवडल्या, लसूण, बडीशेप, हिंग आणि कोळंबी. संध्याकाळचा चहा झाला की तो डोळे मिटून खुर्चीत बसायचा. मी कुठल्यातरी बाटलीत कापसाची काडी बुडवून त्याच्या नाकाखाली धरायची, त्याने नाव सांगायचं आणि मी बरोबर की चूक ते सांगायचं. पहिले दोन आठवडे तो नुसता मान हलवायचा. मी काडी बदलायची, तो पुन्हा मान हलवायचा.

मग पितृपंधरवडा आला. सासूबाईंचं श्राद्ध होतं. मी सकाळपासून खीर, वडे, अळूची भाजी यांत बुडालेली. मध्येच काही विचारायला आतल्या खोलीत गेले, तर सतीश कपाटासमोर उभा होता. हातात त्याच्या आईची जुनी इरकल साडी होती आणि ती त्याने तोंडावर दाबून धरली होती. नाक, डोळे, सगळं तिच्यात होतं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "नुसतं कापड आहे."

मी ती साडी त्याच्या हातातून घेतली. तिला अजून वास होता. कापूर, वेखंड आणि त्यांच्या त्या हिरव्या डबीतल्या पावडरचा. मला आला. मी सून, मला आला, आणि त्याला नाही. मी घडी घातली. स्वयंपाकघरात परत येऊन वडे तळताना मला त्या साडीचा इतका राग आला, की पहिला घाणा कच्चाच काढला.

त्या संध्याकाळी तो नको म्हणत होता. मीच आग्रह केला. चुकायचं नाही, नेम मोडायचा नाही, असं काहीतरी बोलले. मी काडी लसणात बुडवली आणि त्याच्या नाकाखाली धरली. त्याच्या भुवया जवळ आल्या. मग फार हळू, चूक झाली तर कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, त्याने विचारलं, "बडीशेप आहे का?"

"बरोबर," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मी हातातल्या काडीकडे बघत राहिले. लसणाची काडी! ती घाईघाईने कागदात गुंडाळली.

"खरंच?"

"खरंच."

त्याने डोळे उघडले. त्याचा चेहरा मी इथे वर्णन करणार नाही, मला तो नीट आठवतो आणि आठवला की त्रास होतो. त्याने उरलेली खीर वाटीभर खाल्ली, पुन्हा मागितली, म्हणाला आज चव लागतेय. खरंच लागत असेल का? मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. माणसाला आनंद झाला की जिभेला थोडंफार कळत असेलही.

एकदा "बरोबर" म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी "चूक" कसं म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला समजावलं. तो हिंग म्हणाला की बरोबर, कोळंबी म्हणाला की बरोबर. संशय नको म्हणून मधूनच एखादं "चूक" ठेवून द्यायचे. पुढे पुढे तर मी कुठली बाटली उघडली तेही बघेनाशी झाले. हाताला लागेल तीत काडी बुडवायची, डोकं कुकरच्या शिट्ट्यांकडे. उत्तर ठरलेलं असलं की प्रश्नाकडे कोण बघतं?

सतीशचा उत्साह मात्र वाढत गेला. आता वास तो स्वतःच घालू लागला. पातेल्यावर वाकून, डोळे मिटून, हाताने वाफ नाकाकडे ओढायचा आणि म्हणायचा, "अजून चार थेंब." ते चार थेंब बडीशेपेचे आहेत असं त्याला वाटायचं आणि बाटली लसणाची असायची, कारण दोन्ही बाटल्या सारख्याच आणि चिठ्ठ्या तेलाने कधीच्या गळून गेल्या होत्या. आमच्या मजल्यावर पंधरा दिवस लसणाचा घमघमाट होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "लोणचं घालताय का गं वंदना? एवढं?" मी हो म्हटलं. त्यातच आणखी एक खोटं सहज खपून गेलं.

त्या वर्षी सर्वपित्रीनंतरच्या रविवारी मीही त्याच्याबरोबर ठाण्याच्या खाडीकाठी बाळकुमला गेले. मानकोलीचा पूल तेव्हा व्हायचा होता, त्यामुळे पहाटेच निघूनही शीळफाट्याला अडकलो. बाळकुमच्या जुन्या गावात हिराजीनाना राहतात. सत्तरी ओलांडलेले कोळी, सतीशला शाळेपासून ओळखतात, त्याने खाडी त्यांच्याकडूनच शिकून घेतली. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता उंच इमारती आहेत. ओटीवर जाळी वाळत घातलेली आणि समोर कुणाच्या तरी बाविसाव्या मजल्याची सावली.

"सूनबाय, तू पन आली का?" नाना म्हणाले. "त्या दगरावर नको बसू, शेवाल हाय." मग सतीशकडे वळून, "काय रं, साबन लावून आलास?"

"विसरलो नाना."

"जितारा साबनाच्या हाताला तोंड नाय लावत. चल, चिखल लाव."

सतीश मुकाट्याने खाली वाकला आणि खाडीचा काळा चिखल दोन्ही हातांना चोळू लागला. नाना अशाच गोष्टी मानतात. वासाच्या बाटल्यांना ते हसतात, पण हाताला साबणाचा, तंबाखूचा, डोक्याला लावलेल्या तेलाचा वास असला तर गळाला हात लावू देत नाहीत. चांगला वास देण्यापेक्षा वाईट वास काढून टाकावा, असं त्यांचं शास्त्र आहे. मला ते ऐकताना पटलं आणि घरी आल्यावर पुन्हा वाटलं, की मग मी जे करतेय ते या दोन्हीत कुठे बसतं?

भरती चढत होती. तिवरांच्या मुळांशी पाणी तपकिरी आणि जाड दिसत होतं. सतीशने चार-सहा वेळा गळ टाकला, काही नाही. सातव्या की आठव्या वेळी काठी वाकली. मग पुढची दहा मिनिटं आम्ही तिघंही ओरडत होतो आणि कोण काय ओरडतंय ते कुणालाच कळत नव्हतं. नानांनी जाळीत घेतला तो जिताडा हातभर लांब होता, रुपेरी, आणि त्याच्या डोळ्यांत तांबूस चमक होती.

"बघितलंस वंदू?" सतीश धापा टाकत म्हणाला. "माझी बडीशेप! माझ्या नाकाने घातलेली."

नानांनी जिताड्याच्या जबड्यातून तो प्लास्टिकचा मासा सोडवला, सवयीने नाकाशी नेला आणि थांबले. त्यांनी आधी सतीशकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नकळत मान हलवली, नाही अशी.

"वास हाय," नाना म्हणाले. "बेस वास हाय."

सतीश मासा धुवायला पाण्याकडे गेला तेव्हा ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "पोरी, लसनाला बरीशेप कवापासून म्हनाय लागले?"

"नाना, त्याला सांगू नका. प्लीज."

"मी कशाला सांगू? पन जिताऱ्याला पन तूच सांगून ठेवलंस काय?" आणि ते तोंडावर हात ठेवून हसले. मीही हसले. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की माझं चुकलेलं नाही. माशानेसुद्धा लसूण गोड मानून घेतला, तर माणसाला काय धाड भरलीय? परतताना सतीश गाडी चालवत गाणं गुणगुणत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले होते. मला हलकं वाटत होतं आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. दोन्ही एकाच वेळी.

त्या मोसमाचं पुढचं मला नेहमी तुटक आठवतं. नवरात्र संपलं होतं. दसऱ्याची सुट्टी होती, मी फुलं आणायला बाजारात गेलेली. परत येताना दुसऱ्या मजल्यावरच मला तो वास आला. जळक्या प्लास्टिकचा, घशात उतरणारा. आमचं घर चौथ्या मजल्यावर. मी कशी चढले ते आठवत नाही. दार उघडलं तर गॅलरीतून पिवळट धूर आत येत होता. पातेल्यातलं सगळं काळंपिवळं झालं होतं. सतीश त्याच्यापासून दोन हातांवर पाठमोरा बसून साचे पुसत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आलीस?" तो खोकत म्हणाला. "बडीशेप जरा जास्त झाली वाटतं. बघ, नाकाला किती झोंबतेय."

मी शेगडीचा प्लग ओढून काढला. त्याला दंडाला धरून फरफटत दिवाणखान्यात आणलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग मी ओरडायला लागले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, एवढं आठवतं, "तुला काही वास येत नाही! काहीही येत नाही! मी खोटं बोलत होते, रोज, रोज खोटं बोलत होते, कळलं? मेला असतास आता!"

तो खुर्चीत बसला. पिशवीतली झेंडूची फुलं जमिनीवर सांडली होती, ती त्याने एकेक करून उचलली.

"किती वेळा?" मग त्याने विचारलं.

"काय किती वेळा?"

"खोटं किती वेळा बोललीस? आणि खरं किती वेळा?"

पहिल्या दिवशीचं खोटं होतं हे नक्की. त्यानंतरचं काहीच नक्की नव्हतं. मी बाटल्यांकडे बघतच नव्हते.

"एखादं तरी खरं होतं का गं?"

"मला नाही माहीत रे," मी म्हणाले. "असेल. मला खरंच माहीत नाही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली, उठला आणि जळलेलं पातेलं कागदात गुंडाळून खाली टाकून आला. त्याच्या त्या प्रश्नाने मला आजवर सोडलेलं नाही. त्या पंधरा-वीस दिवसांत एखाद्या संध्याकाळी त्याचं नाक खरंच क्षणभर जागं झालं असेल. त्याने हिंगाला हिंग म्हटलं असेल आणि मी न बघता "बरोबर" म्हटलं असेल. खऱ्याच्या आणि खोट्याच्या रांगेत मी एकच शब्द वाटत गेले. आता त्यातलं वेगळं काढायचं कसं? मी त्याला धीर दिला की त्याच्या हातातलं मोजायचं मापच काढून घेतलं? कधी वाटतं, त्या श्राद्धाच्या संध्याकाळी मी "चूक" म्हटलं असतं तर तो कायमचा मिटला असता. कधी वाटतं, मिटला नसता. माणूस एका "चूक"ने मिटत नाही, मलाच ते बघायचं नव्हतं.

त्यानंतर तो मला रागाने कधी बोलला नाही. पण काही गोष्टी बदलल्या. पूर्वी दूध नासलंय का हे तो मला विचारायचा, आता उकळून बघतो. शर्टाला घामाचा वास येतोय का असं विचारायचा, आता एकदा घातलेला शर्ट सरळ धुवायला टाकतो. गॅस बंद आहे ना, हे बघायला स्वतः उठून जातो. मी बसल्या जागेवरून "बंद आहे रे" म्हणते, तो "हो हो" म्हणतो आणि तरी जातो. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार? पुढचे दोन भाद्रपद त्याने बिनवासाचेच मासे ओतले, नुसतं मीठ घालून. बाटल्या बुटांच्या खोक्यात गेल्या. गंमत म्हणजे जिताडे तसेही लागले.

मला मात्र त्या दिवसांपासून स्वतःच्या नाकाचाही भरवसा राहिलेला नाही. ऑफिसात कुणी विचारलं, "कसला वास येतोय गं?" तर मी आधी दुसऱ्यांचे चेहरे बघते. वासाला साक्षीदार नसतो. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने मानायचं, एवढ्यावरच ते सगळं चालतं.

यंदा गणपती जाऊन चार दिवस झाले होते. मी संध्याकाळी पोळ्या करत होते. बाहेर पावसाचा आवाज येत होता आणि थांबत होता. सतीश खोकी आवरत बसला होता, कारण नवे साचे ठेवायला जागा हवी होती. बाटल्या खुळखुळल्या ते मी ऐकलं आणि लक्ष नाही असं दाखवलं. थोड्या वेळाने मी वळून बघितलं तर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात उघडी बाटली.

"वंदू," तो म्हणाला, "हा लसूण आहे का गं?"

मी लाटणं टाकलं, पिठाच्या हातांनीच बाटली घेतली आणि हुंगली. एकदा, दोनदा. लसूण होता. चढलेला, जुना, पण लसूणच.

"हो!" मी म्हणाले. "अरे हो, लसूणच आहे! बरोबर!"

माझा आवाज उंच गेला. मलाच तो ऐकू आला आणि मी चपापले, कारण तो तीन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळसारखाच होता. मला दुसरा आवाजच नव्हता.

"खरंच?"

"खरंच रे. शपथ. तुझी शपथ."

सतीश माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, हे मला दिसत होतं. त्याने बाटली माझ्या हातातून घेतली, टोपण लावलं, चपला घातल्या आणि बाहेर गेला. मी मागोमाग दारापर्यंत गेले. त्याने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे दोन महिन्यांपूर्वी एक तरुण जोडपं भाड्याने राहायला आलंय, त्यांची नावंसुद्धा आम्हाला धड ठाऊक नाहीत. मुलगी दारात आली, कानात इअरफोन.

"सॉरी हं, जरा विचित्र विचारतोय," सतीश म्हणाला. "हा वास कसला आहे, सांगाल?"

तिने बाटली नाकाशी नेली आणि पटकन मान मागे घेतली. "शी! लसूण ना काका? का, काय झालं?"

"काही नाही. थँक्यू."

तिने दार लावलं तरी तो तिथेच उभा राहिला, आमच्या दाराकडे पाठ करून. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते झालं होतं आणि ते खरं आहे हे त्याला जिची ओळख नाही अशा मुलीने सांगितलं होतं. मला आनंद झाला होता. लाजही वाटत होती. रागही आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की त्याला तसंच उभं राहू द्यावं, तेही मला सुचेना.

"वंदू," तो मागे न वळता म्हणाला, "पोळी करपतेय."

मला काहीच वास आला नव्हता. मी आत धावले. तव्यावरची पोळी एका बाजूने काळी झाली होती. गॅस बंद केला आणि तोंडाशी आलेलं "बरोबर" तसंच गिळलं. ती करपलेली पोळी दोन्ही हातांत धरून मी बाहेर गेले आणि त्याच्यासमोर धरली.